दुपारी चारच्या भुकेला काय द्यायचं? पहिल्यांदाच लक्ष देणाऱ्यांसाठी

मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर हिशेब लिहितो. तूर-सोयाबीनच्या सीझनला सकाळी नऊला गादीवर बसलो की रात्री आठ-साडेआठपर्यंत उठणं नसतं, आणि चार वाजले की चहावाला किटली घेऊन येणार, सोबत दोन टोस्ट नाहीतर खारी, हे माझं कितीतरी वर्षं ठरलेलं होतं. सहा वाजायच्या आत डोकं जड व्हायचं, चिडचिड व्हायची, तीच बेरीज दोनदा तपासावी लागायची, मग समोरच्या गाड्यावरचे मिरची भजे, आणि घरी जाऊन नऊला परत पोट फुटेस्तोवर जेवण. वडिलांना शुगर आहे म्हणून वाटलं आपल्यालाही लागली की काय, तपासून घेतलं तर उपाशीपोटीची ९१ (साखरेचे असे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे mg/dl मधे) आणि तीन महिन्यांची सरासरीवाली एचबीए१सी ५.३ टक्के, म्हणजे सगळं नॉर्मल. मग ही भूक कशाची?

आमच्याकडं एक वयस्कर हमाल मामा आहेत, दिवसभर पोती उचलतात आणि चार वाजता रुमालाची गाठ सोडून फुटाणे काढतात, एकेक करत निवांत खातात, वरून तांब्याभर पाणी. एकदा माझे टोस्ट बघून म्हणले, "मुनीमजी, तुमची भूक चहानं मरायली, भागंना गेली." ते माझ्या डोक्यात बसलं. भूक मरणं वेगळं आणि भूक भागणं वेगळं, हे आपल्या भाषेत पहिल्यापासून आहे, आपण खाताना तेवढं विसरून जातो. त्यानंतर मी वाचलं, स्वतःवर करून बघितलं, आणि जे उपयोगाचं वाटलं ते इथं क्रमानं सांगतो.

आधीच सांगतो, हे सगळं धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहे. ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, ज्या बाया गरोदर आहेत, ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय खाण्यात बदल करू नका, गोळी चालू असताना नाष्टा बदलला तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

आत काय होतं ते आधी समजून घ्या

निरोगी माणसाच्या अख्ख्या रक्तात मिळून साखर असते ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि दोन टोस्ट, एक गोड चहा एवढ्यातून पोटात जातं २५-३० ग्रॅम कार्बोहायड्रेट, जे पचून साखरच होतं. ती साखर रक्तात यायला लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि इन्सुलिन ती साखर स्नायूंत आणि लिव्हरमधे नेऊन ठेवतं. उपाशीपोटी ७० ते ९९, खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात वर चढणार, दोन तासांनी १४० च्या आत, आणि अडीच-तीन तासांत जागेवर, असा निरोगी माणसाचा साधारण आलेख असतो. मधे एखाद्या वेळी पाच-दहा मिनिटं १४० च्या वर गेली म्हणून घाबरायचं कारण नाही, निरोगी माणसातही ते होतं.

आता खरी गोष्ट अशी की भुकेचा संबंध वर चढण्याशी कमी आणि खाली उतरण्याशी जास्त दिसतो. २०२१ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी १०७० लोकांच्या दंडाला साखर मोजणारे सेन्सर लावून बघितलं. खाल्ल्यावर दोन ते तीन तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्याही खाली बुडी मारत होती त्यांना लवकर भूक लागली, आणि त्यांनी दिवसभरात बुडी न मारणाऱ्यांपेक्षा सरासरी ३१२ कॅलरी जास्त खाल्ल्या. ३१२ कॅलरी म्हणजे दोन-तीन भाकरी, ते पण रोज. ही बुडी म्हणजे काही शुगर लो होणं नाही, आकडा नॉर्मलमधेच असतो, फक्त आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा खाली, पण तेवढ्यावर अंग खायला मागायला लागतं.

सगळी भूक साखरेमुळंच लागते असं मात्र धरून बसू नका. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन निघतं, ते मेंदूला खायला सांगतं. पोट भरलं, आतड्यात प्रोटीन पोचलं की उलटं, पुरे झालं म्हणणारी हार्मोन निघतात. शिवाय सवय असते, चहाची किटली वाजली की भूक लागते, भज्याचा वास आला की लागते. आणि झोप. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ असंच खावं वाटायला लागलं. म्हणून लग्नसराईत जागरण झालेल्या दुसऱ्या दिवशी टोस्टचा पुडा संपतो तो नुसता तुमच्या मनाच्या कच्चेपणामुळं नाही.

पायरी १: चार दिवस काहीच बदलू नका, नुसतं लिहा

नवीन माणूस पहिल्याच दिवशी साखर बंद, मैदा बंद, भात बंद करतो आणि आठव्या दिवशी परत जिथल्या तिथं येतो. तसं नका करू. मोबाईलच्या नोटमधे नाहीतर वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी लिहा: किती वाजता खाल्लं, काय आणि अंदाजे किती, खाल्ल्यावर लगेच कसं वाटलं, आणि अडीच-तीन तासांनी कसं वाटलं. या चौथ्या रकान्यासाठीच सगळी खटपट आहे. टोस्ट खाल्ल्यावर लगेच बरंच वाटतं, त्यामुळं आपण त्याला चांगला नाष्टा समजतो, त्याची परीक्षा सात वाजता असते आणि तोवर आपण काय खाल्लं होतं ते विसरलेलो असतो. मोबाईलला सातचा अलार्म लावा. मी भुकेला शून्य ते पाच मार्क द्यायचो, पाच म्हणजे समोर येईल ते खाईन. टोस्टच्या चारपैकी तीन दिवशी सातला पाच होते.

पायरी २: आधी चहाचा हिशेब करा

आपल्या मराठवाड्यात कोणी आलं की चहा, सौदा झाला की चहा, सौदा मोडला तरी चहा. मी स्वतः दिवसाला सहा-सात घेत होतो. गाड्यावरच्या कट चहात सुद्धा एक-दीड चमचा साखर असतेच, घरच्या कपात दोन. सपाट चमचा म्हणजे ४ ग्रॅम. सहा चहाचे नऊ-दहा चमचे धरले तरी ४० ग्रॅम झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते २००० कॅलरी खाणाऱ्यानं वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा, जमलं तर २५. म्हणजे बिस्कीट-मिठाईला हात लावायच्या आधीच माझा कोटा जवळपास चहातच संपत होता.

यात दोन कामं करा. एक, घरच्या चहात दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, एकदम बंद नका करू, जिभेला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि नंतर जुना चहाच पाकासारखा लागतो. दोन, चहा रिकाम्या पोटी आणि बिस्किटासोबत घेऊ नका, आधी खाणं, मग चहा. गूळ घातला तर चालतं का असं सगळेच विचारतात. गुळातही बहुतेक साखरच असते, रंग आणि चव वेगळी, थोडी खनिजं असतात पण चहाच्या चमचाभर गुळात ती किती येणार, म्हणून गूळ आवडीनं खा पण साखरेतच मोजा.

पायरी ३: नुसतं मुरमुरे-टोस्ट-पोहे नको, त्याला जोड द्या

नाष्टा बदलायची गरज बऱ्याचदा पडत नाही, त्याला जोड द्यायची गरज असते. नुसत्या पिठूळ पदार्थासोबत प्रोटीन, थोडं तेल आणि चोथा (फायबर) गेला की जठर हळू रिकामं होतं, साखर दमादमानं रक्तात येते, चढही कमी आणि बुडीही कमी.

सुशीला, म्हणजे आपला मुरमुऱ्यांचा नाष्टा, तोच घ्या ना. मुरमुरे हा एकदम झटपट पचणारा पदार्थ, तांदूळ फुलवलेला, आत हवाच हवा, नुसते खाल्ले तर वाटीभर कुठं गेले कळत नाही. पण आपली आई सुशीला कशी करते? मुरमुरे पाण्यात टाकून लगेच पिळून घ्यायचे, कढईत तेल तापलं की मोहरी-जिरं, भरपूर शेंगदाणे लाल होईपर्यंत, हिरवी मिरची, कांदा, हळद, मग पिळलेले मुरमुरे, आणि सगळ्यात शेवटी वरून डाळव्याचं (फुटाण्याच्या डाळीचं) पीठ भुरभुरायचं की सगळं मोकळं होतं, वर कोथिंबीर-लिंबू. हे शेंगदाणे आणि डाळव्याचं पीठ चवीला म्हणून नुसतं नव्हतं, बहुतेक प्रोटीन त्याच्यातच आहे. आता हॉटेलात सुशीला मिळतो त्यात शेंगदाणे मोजून पाच आणि डाळवं गायबच. घरी करताना एका माणसाला दीड वाटी मुरमुरे, मूठभर शेंगदाणे, दोन मोठे चमचे डाळव्याचं पीठ, अख्खा कांदा असं प्रमाण धरा, सात वाजताचे मार्क बघा.

तसंच पोह्यात मटार-शेंगदाणे किंवा मोड आलेली मटकी घाला, उपम्यात डाळी, ब्रेड खायचाच असेल तर उकडलेलं अंडं सोबत (एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रोटीन), केळ खायचं तर सोबत शेंगदाणे. रात्रीची शिळी ज्वारीची भाकरी, दही, कांदा आणि ठेचा हा तर चार वाजता फार उत्तम नाष्टा आहे, लोक लाजतात उगीच. भाकरी थंड झाली की तिच्यातला काही स्टार्च असा घट्ट होतो की तो लहान आतड्यात पचत नाही, चोथ्यासारखा पुढं जातो. पण ज्वारी म्हणजे साखर वाढतच नाही असा जो समज पसरलाय तो खरा नाही, भाकरीनं साखर वाढते, धान्यच आहे ते, भरड दळण असेल आणि सोबत दही-डाळ-भाजी असेल तर सावकाश वाढते एवढंच. चार भाकरी खाल्ल्या तर चार भाकरीचीच वाढणार.

आणि फुटाणे. मूठभर म्हणजे ३० ग्रॅमला सुमारे ६ ग्रॅम प्रोटीन आणि चांगला चोथा, कॅलरी ११०-१२० च्या आसपास. हरभऱ्याचा स्टार्च दाण्याच्या पेशींच्या भिंतीत बंद असतो, चावून खाल्ला तरी बराचसा बंदच राहतो, म्हणून तो हळू पचतो. त्याच हरभऱ्याचं बारीक बेसन केलं की त्या भिंती फुटतात, म्हणून भजे हे "शेवटी हरभराच की" म्हणून फुटाण्याच्या जागी नाही बसत, वरून तेल प्यालेले असतात ते वेगळंच. सालासकट फुटाणे घ्या. सवय नसेल तर पहिल्या दिवशी अर्धीच मूठ, नाहीतर गॅसेस होतील आणि तुम्ही फुटाण्यालाच नावं ठेवाल. शेंगदाणे पण चांगलेच, पण ३० ग्रॅमला १७० कॅलरी, त्यामुळं मूठ एकच. कडवट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे धुऊन-भाजून वापरायचे नाहीत, फेकूनच द्यायचे, त्या बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही.

पायरी ४: आकड्याच्या नादी किती लागायचं

थोडं वाचायला लागलात की ग्लायसेमिक इंडेक्स हा शब्द भेटेल. १९८१ साली कॅनडात टोरंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी ही मोजणी आणली, शुद्ध ग्लुकोजला १०० धरून बाकीचे पदार्थ साखर किती वाढवतात ते, ५५ किंवा कमी म्हणजे कमी, ७० आणि वर म्हणजे जास्त. साधारण हरभरा २८, शेंगदाणे १५ च्या आत, दूध ३९, केळ ५०, पांढरा ब्रेड ७५, उकडलेला बटाटा ७८. दिशा कळायला ही यादी चांगली. पण तिच्यावरच चाललात तर फसाल, कारण बटाट्याचे तळलेले वेफर्स उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी आकड्याचे निघतात, आइस्क्रीमही कमी निघतं, तेल-तुपामुळं साखर हळू येते म्हणून.

मग दुसरी मोजणी बघा. १९९५ साली ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचे २४० कॅलरीचे भाग, आणि खाल्ल्यावर दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारलं, पांढऱ्या ब्रेडला १०० मार्क धरून. सगळ्यात वर कोण आलं? तोच उकडलेला बटाटा, ३२३. आणि सगळ्यात खाली लोण्याचं थरथरांचं क्रोसाँ, ४७, आपल्या खारीचंच भावंड ते. म्हणजे साखरेचा आकडा वेगळा आणि पोटाचा आकडा वेगळा, आणि चांगला नाष्टा तो जो दोन्हीकडं बरा. हरभरा, राजमा, अंडं, अख्खं फळ ही मंडळी दोन्हीकडं पास होतात, त्यामुळं यादी पाठ करायची गरज नाही.

पायरी ५: जे चावता येतं ते पिऊ नका

मला सगळ्यात पटलेला प्रयोग हा आहे. १९७७ साली इंग्लंडमधे दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचा लगदा आणि एकदा त्यांचाच गाळलेला रस दिला, साखर तिन्हींत सारखीच. रस ११ पट लवकर संपला. तेवढाच वेळ घेऊन पाजला तरी रसानं पोट कमी भरलं. आणि गंमत म्हणजे साखर तिन्हींनी सारखीच चढली, पण रसानंतर ती एकदम खाली बुडाली, लगद्यानंतर थोडी बुडाली, अख्ख्या सफरचंदानंतर बुडालीच नाही. फळ तेच, नुसता चोथा काढला.

आता हे आपल्याकडं आणून बघा. जालन्याची मोसंबी, जिला भौगोलिक मानांकन आहे, ती आपण गाडीवर उभं राहून तीन-चारचा ज्यूस करून घटाघटा पितो, वरून त्यात साखर. सोलून खाल्ली तर दुसऱ्या मोसंबीलाच हात थांबतो. मधला पांढरा पडदा थुंकू नका, चोथा तिथंच आहे. रसवंतीचा उसाचा मोठा ग्लास म्हणजे सात-आठ चमचे साखर सहज, कोल्ड्रिंकची २५० मिलीची बाटली म्हणजे साडेसहा चमचे. एप्रिल-मेमधे परभणी ४२-४३ अंशावर असते, तेव्हा तहान लागणारच, तर आधी माठातलं पाणी, मग ताक, मीठ-जिरं घालून. ज्वारीची आंबील पण चांगली, ताक घालून, साखर न घालता. रसवंती महिन्यातून एखाद्या वेळी, जेवणाच्या जागी नाही आणि तहानेच्या जागी तर नाहीच.

फळांना मात्र भिऊ नका. शुगरच्या भीतीनं निरोगी लोकसुद्धा सीताफळ आणि केशर आंबा सोडायलेत, याचं मला वाईट वाटतं. बीडच्या डोंगरातलं एक मध्यम सीताफळ सावकाश बिया काढत खायला पंधरा मिनिटं लागतात, त्याच्यापेक्षा चांगला ब्रेक कोणता. एक खा, चार नको, आणि जेवणावर लगेच न खाता चारच्या वेळेला खा.

पायरी ६: वेळ, वाटी आणि पाय

दोन जेवणांमधे चार तासांपेक्षा कमी अंतर असेल तर मधे खायची गरजच नसते, हे स्पष्ट सांगतो, नाष्टा चांगला आहे म्हणून खायचाच असं नाही. माझं दुपारचं जेवण साडेबाराला आणि रात्रीचं नऊला, म्हणून मला चारचं लागतं. भूक मार्कांत तीनला असतानाच खा, पाचला गेल्यावर फुटाण्याची पिशवी कोणी उघडत नाही, भजेच दिसतात.

पिशवीतून, पुड्यातून खायचं नाही. वाटीत काढा, पिशवी बंद करा, लांब ठेवा. हिशेब लिहिता लिहिता शेव-मुरमुरे खाल्ले तर मला आठवतही नाही किती खाल्ले. आणि खाल्ल्यावर लगेच गादीवर लोळू नका, दहा मिनिटं चाला. स्नायू हलले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फार वाट न बघता ओढून घेतात. मी खाऊन झालं की मोंढ्याच्या गेटापर्यंत जाऊन येतो, दर अर्ध्या तासाला दोन-तीन मिनिटं उठलात तरी फरक पडतो.

पायरी ७: उपवासाच्या दिवशी

आपल्याकडं एकादशी, चतुर्थी, श्रावण सोमवार, नवरात्र मिळून वर्षात कितीतरी दिवस उपवास, आणि त्या दिवशी सकाळी साबुदाणा, दुपारी वेफर्स, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा जवळपास पूर्ण स्टार्चच, प्रोटीन नावालाही नाही. माझी आई खिचडीत कूट इतकं घालते की खिचडी तपकिरी दिसते, तेच बरोबर आहे. तेवढंच कूट, सोबत वाटीभर दही, आणि साबुदाणा निम्मा. त्याहून चांगलं म्हणजे भगर आणि शेंगदाण्याची दाट आमटी, आमटी जास्त भगर कमी. उकडलेलं रताळं आणि दूध हे पण छान. वेफर्सचा पुडा घरात आणूच नका, आणला की संपतो.

पायरी ८: पुड्याची मागची बाजू

दुकानात "मल्टीग्रेन", "डायजेस्टिव्ह", "बेक्ड" असं पुढं मोठ्या अक्षरात असतं, ते सोडून द्या आणि पुडा उलटा करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. मैदा पहिला आणि साखर दुसरी-तिसरी असेल तर पुढं काहीही लिहिलेलं असो, ते बिस्कीटच. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही पण साखरेचीच नाहीतर साखरेइतक्याच पटकन चढणाऱ्या पिठाची नावं. खालच्या तक्त्यात १०० ग्रॅममधली साखर बघा, तिला ४ नं भागा, तेवढे चमचे. २५ ग्रॅम असेल तर सव्वासहा चमचे. २०१९ मधे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं पॅकबंद खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं खाणं दिलं, दोन्हींत हवं तेवढं खायची मुभा, ताटात कॅलरी-साखर-चोथा मांडलेला सारखाच, तरी पॅकबंदवाल्या आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. चव, मऊपणा, पटापट गिळणं, कारण काहीही असो, हात थांबत नाही एवढं खरं.

पायरी ९: सीझनचं काय मिळतं ते बघा

डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा मीठ टाकून कुकरला दोन शिट्ट्या देऊन उकडा, सोलत सोलत खा, यासारखा नाष्टा जगात नाही असं माझं मत आहे. दाणा अख्खा, प्रोटीन, चोथा, आणि सोलायला वेळ लागतो म्हणून घाईनं खाताच येत नाही. हरभऱ्याचे ढाळे आले की तेच. हुरडा कोवळा असतो म्हणून त्याच्यात साखर जास्त, गोड लागतो तो त्यामुळंच, पण गरम हुरड्यासोबत शेंगदाण्याची चटणी, दही घेतलं की जमून जातं, गुळाचा खडा आणि गोडी शेव तेवढी कमी करा. पावसाळ्यात मक्याचं कणीस आणि मुगाच्या शेंगा. बारा महिने फुटाणे, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, दही.

पायरी १०: मोजून बघायचं असेल तर

हे सक्तीचं नाही. पण घरात आईवडिलांसाठी बोटातून थेंब घेऊन मोजायचं मशीन असेल तर दोन-तीन नाष्ट्यांची तुलना करता येते, सुई मात्र दर वेळी नवीन, दुसऱ्याची सुई आणि ती टोचायची पेनसुद्धा वापरायची नाही. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा, आंबा-मोसंबी सोललेल्या बोटाला साखर असते आणि मशीन खोटाच मोठा आकडा दाखवतं. खायच्या आधी, ४५ मिनिटांनी, दोन तासांनी, आणि अडीच-तीन तासांनी असं चारदा बघा. चहा-टोस्टला माझे आकडे आले ९२, १४६, ९८, ८१. फुटाणे, ताक आणि नंतर कमी साखरेचा चहा याला ९४, ११४, १०२, ९५. मशीनला १५ टक्क्यांपर्यंत चूक माफ असते, त्यामुळं ११४ आणि १२० यात भांडायचं नाही, आणि एकाच दिवसावर निष्कर्ष काढायचा नाही, प्रत्येक नाष्टा दोन-तीनदा मोजा. माझे आकडे तुम्हाला लागू होतीलच असंही नाही. इस्राएलमधे २०१५ साली ८०० लोकांवर असं दिसलं की तोच पदार्थ एकाची साखर खूप चढवतो आणि दुसऱ्याची जेमतेम.

उपाशीपोटीचा आकडा १०० च्या वर वारंवार येत असेल, किंवा खाऊन दोन तासांनी १४० च्या वर राहत असेल, तर घरच्या मशीनवर विसंबू नका, लॅबमधे शिरेतून रक्त देऊन तपासा आणि डॉक्टरला दाखवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधे छापून आलेल्या मोठ्या पाहणीत देशात ११.४ टक्के मोठ्या माणसांना मधुमेह आणि १५.३ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाले, म्हणजे जवळपास दर सहा-सात जणांत एक उंबरठ्यावर. आईवडिलांना शुगर असेल तर तिशीनंतर वर्षातून एकदा तपासाच, त्रास नसला तरी. आणि खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं असं काही असेल तर नाष्ट्याचे प्रयोग करत बसू नका, लगेच जा.

उद्यापासून सुरू करणार असाल तर आज रात्री झाकणाच्या छोट्या डब्यात एक मूठ फुटाणे, अर्धी मूठ शेंगदाणे भरून बॅगेत टाका, सोबत एक मोसंबी नाहीतर पेरू. पावसाळ्यात फुटाणे मऊ पडतात, तर रविवारी आठवड्याचे एकदम कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डबा बंद करा, गरम भरले तर परत ओल धरतात. कांदा, लिंबू आणि तिखट कालवायचं असेल तर ऐन खायच्या वेळी. आमच्या मामांनी मला हेच सांगितलं होतं, आणि आता आडतीवर चार वाजता आम्ही पाच जण एका परातीभोवती बसतो, किटली त्यानंतर येते.